बोलता येतं, मग लिहितानाच काय होतं?

अर्धविराम

मी बोलतो बरा आणि लिहितो वाईट. चारचौघांत एखादा किस्सा सांगितला की लोक हातातलं काम सोडून ऐकतात. तोच किस्सा लिहून दाखवला की तेच लोक "छान आहे" म्हणतात आणि विषय बदलतात. ह्या "छान आहे"चा अर्थ कळण्याइतकं वय झालंय.

मध्यंतरी एका घरगुती बैठकीत मी सांगितलेली आठवण कुणीतरी फोनवर रेकॉर्ड केली होती, ती हाती लागली. मी ती जशीच्या तशी उतरवून काढली, 'अं' आणि 'म्हणजे'सकट. त्यातला एक तुकडा:

"तो आला ना, म्हणजे आधी ती आली, तो मागून, आणि हातात ते हे, काय म्हणतात, एवढं मोठं, आणि मी म्हटलं आता संपलं. आणि ती बघते माझ्याकडे. अशी."

कोण आला, हातात काय होतं, काय संपलं, 'अशी' म्हणजे कशी? कशाचाच पत्ता नाही. पण रेकॉर्डिंगमध्ये नेमकं इथेच सगळे खो खो हसतायत. कारण उघड आहे. 'एवढं मोठं' म्हणताना माझे दोन्ही हात पसरलेले होते, 'अशी' म्हणताना मी डोळे वटारले होते, आणि तो नि ती कोण हे खोलीतल्या प्रत्येकाला ठाऊक होतं. कुणाच्या तरी कपाळाला आठी पडली असणार, म्हणून मी मध्येच मागे जाऊन 'म्हणजे आधी ती आली' असं सावरून घेतलंय. माझं निम्मं बोलणं समोरचेच बोलत होते. लिहायला बसलं की ती आठी दिसत नाही, कुणी "हं, पुढे?" म्हणत नाही.

आता दुसरी गोष्ट, जी वरवर वेगळी वाटेल. काही काळापासून उठल्या उठल्या स्वप्नं लिहून ठेवतोय. शकुन-अपशकुनाशी मला देणंघेणं नाही. पण स्वप्नाला दुसरा साक्षीदार नसतो. तिथे ऐकणारा कितीही जवळचा असला तरी "हो हो, तो तिथला जिना ना?" असं म्हणून मदत करू शकत नाही. सगळं शब्दांनीच उभं करावं लागतं. लिखाणाचा सराव म्हणून ह्याहून कडक काही मला सापडलेलं नाही.

परवाचं स्वप्न एवढंच होतं: जिना. वर कुणीतरी उभं. ते कोण हे मला माहीत होतं, पण चेहरा नव्हता. माझ्या हातात ओली वही.

आणि वहीत उतरलं ते असं: "मी जिना चढत होतो, कारण वर कुणीतरी माझी वाट बघत होतं. मग लक्षात आलं की वही भिजली आहे, त्यामुळे मी घाबरलो."

'कारण', 'मग', 'त्यामुळे' हे तिन्ही माझ्या पदरचे. भीती तर अजिबात वाटली नव्हती. वाक्य पुरं व्हायला काहीतरी हवं होतं, म्हणून ती आली. माझं म्हणणं असं की लिहायला शिकणं म्हणजे मुख्यतः हे फुकटात येणारे शब्द ओळखायला शिकणं. तुमचं काय मत?

खारूताई

विषय आवडला. आधी एक कामाची सूचना: जाग आल्यावर हलू नका, कूस बदलू नका, फोन तर नकोच. शेवटचं जे चित्र हाती असेल ते धरायचं आणि तिथून मागे मागे जायचं. सुरुवातीपासून आठवायला गेलात तर दोन्ही टोकं निसटतात.

१९५३ साली शिकागो विद्यापीठात युजीन असेरिन्स्की आणि नॅथॅनिएल क्लाइटमन ह्यांनी झोपेतली ती अवस्था नोंदवली जिच्यात बंद पापण्यांखाली बुबुळं भराभर हलतात. त्या अवस्थेत माणसाला उठवलं तर तो बहुतेक वेळा स्वप्न सांगतो. ही अवस्था रात्रीतून साधारण दर ९० मिनिटांनी येते आणि पहाटेकडे लांबत जाते, म्हणून सकाळची स्वप्नं लांबलचक. ह्याच वेळी मेंदूतलं नॉरॲड्रिनलीन नावाचं रसायन अगदी खाली गेलेलं असतं. आठवण पक्की करायला ते लागतं, आणि स्वप्नं टिकत नाहीत ह्याचं हे एक कारण दिलं जातं.

अर्धविराम, तुमचा 'त्यामुळे मी घाबरलो' मी नेहमी बघते. स्वप्न एकदा कुणाला सांगितलं की पुढच्या वेळी आठवतं ते सांगितलेलं स्वप्न. खरं त्याच्याखाली गाडलं जातं. म्हणून आधी लिहा, मग नाश्त्याला बसून सांगा.

चकटफू

दुसऱ्याचं स्वप्न ऐकणं ही शिक्षा आहे, हे कुणीतरी म्हणायला हवं, तर मी म्हणतो. स्वप्नात काहीही पणाला लागलेलं नसतं. जिन्यावरून पडलात तरी पुढच्या क्षणी तुम्ही भलतीकडेच असता. ऐकणाऱ्याने काळजी करावी तरी कशाची?

दुसरं असं की 'कारण' आणि 'मग' ह्यांच्यावर तुम्ही उगाच डूख धरलाय. लेखन म्हणजेच 'कारण' आणि 'मग'. ते काढून टाकलंत तर उरते ती सामानाची यादी: जिना, माणूस, वही. अशा याद्यांना हल्ली कविता म्हणतात ही गोष्ट वेगळी.

लिहायला शिकायचं तर वाचावं, भरपूर आणि जुनं. समर्थांनी रोज काहीतरी लिहायला आणि जमेल तेव्हा अखंड वाचायला सांगून ठेवलंय. झोपा काढायला सांगितलेलं नाही.

गिरगोट

चकटफू, समर्थांना मध्ये आणलंत तर तुकोबाही येणार. नामदेवांनी स्वप्नात येऊन जागं केलं आणि कवित्व करायचं काम लावून दिलं, असं ते स्वतः सांगतात. बहिणाबाई सिऊरकरांना तुकोबांचा उपदेश झाला तोही स्वप्नातच. तेव्हा झोपा अगदीच वाया जात नाहीत. :)

मी लहान मुलांना लिहायला शिकवते. लिहायला शिकणारं मूल नीट बघितलंय का कुणी? ते तोंडाने पुटपुटत लिहितं. ओठ हलतात, मग हात हलतो. एखाद्या अक्षरापाशी अडलं की हात थांबतो आणि ओठ तोच आवाज पुन्हा पुन्हा काढतात, जणू तोंडात काय आहे ते चाचपून बघतंय. माझ्या वर्गातल्या एका मुलीने 'तिकडे' असं लिहायच्या आधी 'ति' तीन-चारदा म्हटलं, मान हलवली आणि मग वेलांटी काढली. त्या क्षणी ती आयुष्यात बहुधा पहिल्यांदाच स्वतःचं बोलणं ऐकत होती. त्याआधी ती नुसती बोलत होती.

ऐकण्याची ही तयारी फार आधीपासून चालू असते. जॅनेट वर्कर आणि रिचर्ड टीस ह्यांचं १९८४ चं काम प्रसिद्ध आहे. इंग्रजी घरातली सहा ते आठ महिन्यांची बाळं आपल्याकडचे 'त' आणि 'ट' वेगळे ओळखतात, पण वर्षाची होईपर्यंत ती ओळख जवळजवळ पुसली जाते, कारण भोवतालच्या बोलण्यात त्या फरकाला काही काम नसतं. म्हणजे पहिल्या वर्षातच आपण काय ऐकायचं नाही हेही शिकून घेतो. लिहायला शिकताना ते सोडून दिलेलं ऐकणं थोडं थोडं परत आणावं लागतं.

आणखी एक. मुलांचं पहिलं पत्र वाचा. "आज तो पण आला होता आणि खूप मज्जा आली." तो कोण, कसली मजा? अर्धविरामांचं रेकॉर्डिंगच! रशियन मानसशास्त्रज्ञ लेव्ह विगोत्स्की १९३४ मध्ये गेले, पण ते हे मांडून गेलेत: लेखन हे समोर श्रोता नसलेलं बोलणं आहे आणि म्हणून मुलाला ते बोलण्यापेक्षा कितीतरी अवघड जातं. हात दुखतो म्हणून लिहायचा कंटाळा येतो असं आपण समजतो. खरं ओझं, ऐकणारा मनातल्या मनात उभा करायचा, ह्याचं असतं.

आडवाट

गिरगोट, ती मुलगी डोळ्यासमोर आली.

माझं कामच शब्दांकनाचं. लोकांच्या मुलाखती घ्यायच्या, ऐकायच्या, उतरवायच्या. त्यामुळे अर्धविरामांचा तो तुकडा वाचून घरी आल्यासारखं वाटलं. सगळी माणसं अशीच बोलतात, प्राध्यापकसुद्धा. पूर्ण वाक्यांत बोलणारा माणूस भेटला तर समजावं की हे तो आधी कुठेतरी बोलून आलाय.

ऐकण्याबद्दल एक सांगते. निमेगनच्या माक्स प्लांक संस्थेतल्या संशोधकांनी २००९ साली वेगवेगळ्या खंडांतल्या दहा भाषांमधल्या गप्पा मोजल्या. एकाचं बोलणं संपून दुसऱ्याचं सुरू होण्यात सरासरी साधारण २०० मिलिसेकंदांचं अंतर पडतं. आता समोरच्या चित्रातल्या वस्तूचं नुसतं नाव घ्यायला माणसाला सुमारे ६०० मिलिसेकंद लागतात. हिशेब करा. समोरचा बोलत असतानाच आपली उत्तराची जुळवाजुळव सुरू झालेली असते, त्याशिवाय हे जमणारच नाही. 'तू माझं ऐकतच नाहीस' ही तक्रार त्या अर्थाने प्रत्येक गप्पांना लागू आहे.

म्हणून मुलाखतीत मी मुद्दाम थांबते. समोरच्याचं वाक्य संपलं, मी काही विचारत नाही. नुसती बघत राहते. आधी ती शांतता जड होते, ते पाण्याचा घोट घेतात, चष्मा पुसतात. आणि मग जे बोलतात ते कामाचं असतं. एकदा एका आजोबांनी त्यांच्या नोकरीची सगळी हकिगत पाठ केल्यासारखी सांगितली. मी गप्प. त्यांनी खिशातला रुमाल काढला, चारदा घडी घातली, परत ठेवला, आणि म्हणाले, "तसं मला ते काम कधीच आवडलं नाही." पुढचा तास त्या एका वाक्यावर गेला.

आपल्या भाषेत ह्या कामाला मोठा पूर्वज आहे. चक्रधरस्वामींच्या लीळा म्हाइंभटांनी तेराव्या शतकात गोळा केल्या, त्या ज्यांनी पाहिल्या-ऐकल्या त्यांना गाठून, विचारून. लीळाचरित्र हा मराठीतला अगदी आरंभीचा गद्यग्रंथ, आणि तो उभा आहे ऐकून लिहिण्यावर. त्यामुळे 'लिहायला शिकायचं तर वाचावं' हे चकटफूंचं वाक्य मला अर्धंच पटतं. आधी लोकांचं ऐकावं.

अडखळ

बराच वेळ वाचत होतो, लिहू की नको करत. मी लहानपणापासून तोतरा बोलतो. मोठ्या माणसांत साधारण १ टक्का लोक असे असतात, म्हणजे तुमच्या ओळखीत कुणीतरी असणारच.

अर्धविराम, तुम्हाला समोरचा चेहरा मदत करतो. मला तोच चेहरा आडवा येतो. मी 'प'वर अडकलो की समोरच्याच्या डोळ्यांत आधी गोंधळ येतो, मग दया, मग त्याचे ओठ माझा शब्द पुरा करायला हलायला लागतात. बहुतेकदा तो चुकीचा शब्द पुरा करतो. तरी मी 'हो, तेच' म्हणतो, कारण ते सोपं असतं. अशी कितीतरी वाक्यं मी दुसऱ्यांची बोललोय.

गाताना माझी जीभ अडत नाही. सगळ्यांबरोबर एका सुरात म्हणताना अडत नाही. हे बहुतेक तोतऱ्या माणसांचं होतं, डॉक्टरांनाही ठाऊक आहे. स्वप्नात मी कधी सुरळीत बोलतो, कधी नाही, पण स्वप्नातले लोक माझा शब्द पुरा करत नाहीत, एवढं नक्की.

लिखाणाशी संबंध असा. अवघड शब्द दहा पावलांवरून येताना दिसतो, म्हणून मी आयत्या वेळी दुसरा शोधतो. 'पाऊस' अडणार असं वाटलं की 'सर आली'. 'परवानगी' अडणार, तर 'मुभा'. वर्षानुवर्षं हे केल्यामुळे एकेका गोष्टीला माझ्याकडे चार-चार शब्द तयार असतात. लोक म्हणतात, तुझं लिहिणं किती समृद्ध. त्यांना काय सांगू! लिहायला लागल्यावर मला उलटं शिकावं लागलं: 'पाऊस' म्हणायचं असेल तर 'पाऊस'च लिहायचं. कागदावर कुणी अडवत नाही, तरी हात सवयीने 'सर'कडे जातो. अर्धविरामांचे फुकटचे शब्द म्हणजे 'कारण' आणि 'त्यामुळे'. माझे फुकटचे शब्द म्हणजे ते सगळे सुंदर पर्याय.

खारूताई

अडखळ, हे लिहिल्याबद्दल आभार. एक विचारू? समोरच्याने नेमकं काय करावं?

अडखळ

काही नाही. डोळ्यांत बघत राहावं, शब्द पुरा करू नये, 'सावकाश, सावकाश' म्हणू नये. आडवाट आजोबांसमोर जे करतात तेच.

फुलस्टॉप

मी सध्या सगळं फोनला सांगून लिहितो. बोला, की अक्षरं उमटतात. मग लिहायला शिकायचंच कशाला?

चकटफू

उमटतं ते अर्धविरामांचं 'एवढं मोठं, अशी'. त्यात विरामचिन्हं घालून मिळतात, झालं.

सांगून लिहवण्याचे चांगले दाखले आहेत, पण त्यामागची मेहनत बघा. दस्तयेव्हस्कीने १८६६ साली एक अख्खी कादंबरी २६ दिवसांत लघुलेखिकेला सांगून संपवली, कारण मुदत चुकली असती तर पुढच्या लिखाणाचे हक्क प्रकाशकाच्या घशात जाणार होते. पण तो रात्री टिपणं काढायचा आणि दिवसा सांगायचा. लघुलेखिका आना घरी जाऊन ते नीट उतरवून आणायची, मग दुरुस्त्या. (पुढे त्याने तिच्याशीच लग्न केलं. फोनच्या बाबतीत तो मार्ग बंद आहे.)

गिरगोट

आणि बहिणाबाई चौधरी? लिहिता-वाचता येत नव्हतं. काम करता करता ओव्या रचल्या, मुलाने म्हणजे सोपानदेवांनी आणि त्यांच्या मावसभावाने उतरवून घेतल्या, त्या गेल्यावर १९५२ साली छापल्या गेल्या. एक शब्द फुकटचा नाही.

आडवाट

पण गिरगोट, त्यांच्या बोलण्याला छंद होता. छंद स्वतःच फुकटचे शब्द बाहेर काढतो, जागाच ठेवत नाही. गद्य बोलणाऱ्याला तो पहारेकरी नसतो.

खारूताई

'कारण'च्या भांडणात भर घालते. जेम्स पेनेबेकर नावाच्या अमेरिकी मानसशास्त्रज्ञाने सँड्रा बीलबरोबर १९८६ मध्ये एक प्रयोग छापला. विद्यार्थ्यांना ओळीने चार दिवस, रोज १५ मिनिटं, मनाला लागलेल्या गोष्टीबद्दल लिहायला लावलं. त्यांतल्या ज्यांनी घटना आणि भावना दोन्ही लिहिल्या, त्यांच्या पुढच्या काही महिन्यांतल्या दवाखान्याच्या फेऱ्या कमी झाल्या. नंतर अनेकांनी असे प्रयोग केले. फायदा सगळीकडे दिसला नाही आणि दिसला तिथे बेताचाच होता, हेही सांगायला हवं.

पण आपल्या कामाचं पुढे आहे. त्यांनी लिखाणातले शब्द मोजले. पहिल्यापासून शेवटच्या दिवसापर्यंत 'कारण', 'उमगलं', 'लक्षात आलं' अशा जातीचे शब्द ज्यांच्यात वाढत गेले, त्यांना फायदा जास्त. पहिल्याच दिवशी गोष्ट गुळगुळीत बांधून आलेल्यांना तितका नाही.

चकटफू

म्हणजे मी बरोबर होतो.

अर्धविराम

अर्धे. 'कारण' पहिल्या दिवशी आलं तर ते भाषेने दिलेलं असतं, चौथ्या दिवशी आलं तर तुम्ही शोधलेलं असतं. दिसायला दोन्ही सारखीच, हीच पंचाईत.

अडखळ, तुमचा प्रतिसाद वाचून माझं एक मत हललं. समोरचा चेहरा नसणं ही मी लिखाणातली अडचण धरून चाललो होतो. तुमच्यासाठी तीच मोकळीक आहे. आता असं वाटतंय की चेहरा असण्या-नसण्यापेक्षा तो कसला आहे हे महत्त्वाचं. मी लिहिताना मनात जो श्रोता बसवतो तो हसणारा असतो, त्यामुळे मी त्याला खूश करत सुटतो. आडवाटांसारखा गप्प बसणारा बसवायला हवा.

स्वप्नाचा तुकडा परत लिहून बघितला. चकटफू, हाणा:

"जिना लाकडी. वरच्या पायरीवर ती व्यक्ती. ओळखीची, चेहरा नसलेली. माझ्या हातात वही, अचानक ओली. पानं एकमेकांना चिकटलेली, मी ती सोडवत बसलो. वर बघायचं राहून गेलं."

चकटफू

'अचानक' काढा. स्वप्नात सगळंच अचानक असतं. 'ती व्यक्ती' हे पोलीस पंचनाम्यातलं आहे, 'कुणीतरी' हाच शब्द बरोबर होता. लाकडी जिना आत्ता आलाय, पहिल्या वेळी नव्हता. खरंच लाकडी होता की वाक्याला टेकू हवा होता?

'वर बघायचं राहून गेलं' ठेवा. ते 'मग'शिवाय आलंय, आणि मला पुढचं ऐकायचंय. दुसऱ्याचं स्वप्न असूनही.

अर्धविराम

लाकूड टेकूच. काढलं.

फुलस्टॉप

आडवाट, एक शंका. तुमची ती शांतता फोनवर कशी चालवता? मी गप्प बसलो की समोरचा "हॅलो, हॅलो, आवाज येतोय का?" म्हणतो.

आडवाट

फोनवर नाही चालत. तिथे हळूच 'हं' म्हणायचं, दर वाक्याला नाही, आणि प्रश्नाच्या सुरात तर मुळीच नाही. समोरासमोर बसता येत असेल तर महत्त्वाचं बोलणं मी फोनवर घेतच नाही. अडखळ, तुम्हाला फोन जास्त जड जातो की समोरासमोर?

अडखळ

फोन. तिकडे मी अडकलो की लोकांना वाटतं लाइन कट झाली, आणि ते ठेवून देतात. म्हणून आधी मेसेज टाकतो: "फोन करतोय, मध्ये शांतता आली तर मीच आहे."